मशीन कुणाचं

"इथे सही करा, हाफिजभाई. फॉर्मॅलिटी आहे फक्त," एचआरच्या प्राची मॅडमनी कागद पुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं.

हाफिजने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि वाचायला घेतलं. 'मी, हाफिज इस्माईल मुल्ला, वय ५४, कंत्राटी फिटर, असे लिहून देतो की, पॉलिश विभागातील बेल्ट ग्राइंडर हे यंत्र मी कंपनीची कोणतीही परवानगी न घेता, भंगार सामानातून, स्वतःच्या जबाबदारीवर तयार केले...'

पहिली ओळ त्याने पुन्हा वाचली. सहा वर्षं तो या कारखान्यात होता. गेटपासवर नुसतं 'हफीझ' छापलेलं, तेही चुकीचं. आज पहिल्यांदा बापाच्या नावासकट त्याचं पूर्ण नाव कुणीतरी बिनचूक टाइप केलं होतं.

कारखाना पनवेलच्या बाहेर, स्टीलच्या रेलिंगचा. नळ्या जोडल्या की सांध्यावरचं वेल्डिंग घासून गुळगुळीत करायचं, हे पॉलिशच्या बायकांचं काम. हातातलं ग्राइंडर दिवसभर पेलून त्यांचे खांदे भरून यायचे. बेल्ट ग्राइंडरवर सँडपेपरचा लांब पट्टा चाकांवरून गरगर फिरतो. नळी नुसती टेकवायची. पण तयार मशीनची किंमत ऐकून वरच्यांनी विषय बंद केला. मग प्रॉडक्शनचे इंजिनिअर विश्वजीत साहेब हाफिजकडे आले.

"तुम्ही गल्फमध्ये होतात ना? काही जुगाड होईल का बघा."

कुवेतच्या यार्डात बावीस वर्षं काढलेल्या हाफिजला जुगाड हा शब्द आवडत नसे. तरी तो म्हणाला, "जुगाड नाय साहेब, मशीनच बनवतो."

आणि बनवलं. जळलेल्या पाण्याच्या पंपाची मोटर पुन्हा वाइंडिंग करून घेतली. कॅन्टीनच्या मोडक्या बाकाचे अँगल कापून सांगाडा केला. प्लायवूडच्या चकत्या एकावर एक चिकटवून, तासून मोठं चाक केलं. लहान चाकं जुन्या स्केटिंगच्या बुटांची. पट्टा ताणून धरायला स्कूटरच्या स्टँडची स्प्रिंग. पट्टा चाकावरून घसरू नये म्हणून दाराची एक बिजागरी आणि तिला टेकलेला लांब बोल्ट. बोल्ट पाव फेरा फिरवला की पट्टा केसभर सरकायचा. पट्टा चाकावर चढतो तिथे बोट गेलं तर सबंध परत येत नाही, हे त्याने यार्डात डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तेलाचा पत्र्याचा डबा कापून, कडा दुमडून त्याने त्या जागेवर घट्ट गार्ड बसवलं. बायकांना तो बजावायचा, "आधी हा डबा बघायचा, मग बटण."

बायकांचे खांदे सुटले. माल दुप्पट निघू लागला. कंपनीच्या मुख्य कचेरीने 'कल्पक अभियंता' म्हणून विश्वजीत साहेबांना चषक दिला. फोटो रिसेप्शनच्या भिंतीवर लागला आणि कंपनीच्या कॅलेंडरवरही छापला: ऑगस्टच्या पानावर साहेब, हातात चषक, मागे मशीन. कॅलेंडर सगळ्या कामगारांना फुकट वाटलं. हाफिजच्या बायकोने, सायराने, ते स्वयंपाकघरात लावलं आणि विचारलं, "यात तुम्ही कुठं?"

"मशीन आहे ना."

"मशीनला बाप नसतो वाटतं," सायरा म्हणाली आणि तारखांवर दुधाच्या खुणा करायला लागली.

हाफिजने तेही गिळलं. पण मग वळणदार रेलिंगची मोठी ऑर्डर आली. नळीचा बाक गार्डला अडकायचा. साहेब म्हणाले, "तो डबा काढा, माल अडतोय." हाफिजने साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा कोपऱ्यात पडलेला. त्याने परत बसवला. आठवड्याने पुन्हा काढलेला. परत बसवला. तिसऱ्यांदा पाहतो तर गार्डचे बोल्टच गॅस कटरने कापून टाकलेले. तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला, तेव्हा ऐकून घ्यावं लागलं, "तुम्ही फिटर आहात, सेफ्टी ऑफिसर नाही."

हाफिज केबिनमधून बाहेर पडला. डबा त्याने पुन्हा बसवला नाही.

चिंधी पॅकिंगला होती. विचुंब्याच्या पलीकडच्या कातकरी वाडीवरची. त्याआधी पंधरा वर्षं वीटभट्टीवर. त्या मंगळवारी ग्राइंडरवरची बाई आली नाही म्हणून तिला मशीनवर उभी केली. काय करायचं हे सांगितलं, काय करायचं नाही हे कुणी सांगितलं नाही. अकराच्या सुमारास तिचा हातमोजा पट्ट्याने ओढला. हाफिजने धावत जाऊन मेन स्विच पाडला, चाक हाताने उलटं फिरवलं आणि तिचा हात सोडवला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. ती किंचाळली नाही. पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाली, "आजचा खाडा तर नाय ना लावनार?"

आणि आज, तिसऱ्या दिवशी, हा कागद.

"चिंधीबाईचं काय?" हाफिजने विचारलं.

"तिला माणुसकीच्या नात्याने मदत करू ना आपण," प्राची मॅडम म्हणाल्या. "मशीन कंपनीचं नव्हतंच म्हटल्यावर कंपनीवर जबाबदारी येत नाही. तुमची नोकरी सेफ राहील, माझा शब्द आहे."

विश्वजीत साहेब खिडकीपाशी फोनमध्ये डोकं घालून उभे होते. हाफिज त्यांच्याकडे वळला.

"साहेब, चषक घेताना मशीन तुमचं होतं."

"तो विषय वेगळा आहे, हाफिजभाई."

"बोटं तुटली तेव्हा माझं झालं?"

"हे बघा, उगाच कॉम्प्लिकेट करू नका."

हाफिजने कागद स्वतःकडे ओढला. बावीस वर्षं परक्या मुलखात अरबांच्या शिव्या खाल्ल्या, पण दुसऱ्याच्या तुटलेल्या बोटांवर आपली सही करायला तिथेही कुणी सांगितलं नव्हतं. त्याने पेन उचललं. टाइप केलेल्या मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली, शाळेत शिकलेल्या गोल अक्षरात लिहिलं: 'मशीन मी बनवलं. विश्वजीत साहेबांनी सांगितलं म्हणून, कंपनीत, कंपनीच्या वेळेत बनवलं. त्यावर गार्ड होतं. ते तीन वेळा काढलं. दोन वेळा मी परत बसवलं. तिसऱ्या वेळी बसवलं नाही, तेवढा गुन्हा माझा.' आणि पूर्ण नावाने सही केली.

"हे असं नाही चालणार," प्राची मॅडम उठल्याच.

"मग दुसऱ्या कुणाचं नाव टाइप करा."

दुसऱ्या दिवशी गेटवर त्याला आत सोडलं नाही. पॉलिशच्या बायकांकडून कळलं की मशीन पहाटेच भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवलं आणि रिसेप्शनच्या भिंतीवर आता फक्त खिळे आहेत. तो कागदही अर्थातच कुठल्या फाइलला लागला नसणार. हाफिज घरी येऊन खुर्चीत नुसता बसला. सायराने सगळं ऐकलं, स्वयंपाकघरात गेली आणि कॅलेंडर खिळ्यावरून ओढून त्याच्यासमोर आपटलं. "हे किती घरांतून काढणार आहेत ते?"

हाफिज कॅलेंडर घेऊन कारखाना निरीक्षकाच्या कचेरीत गेला. तिथे एक थकलेले अधिकारी होते. त्यांनी दुधाच्या खुणांनी भरलेलं ऑगस्टचं पान उजेडात धरलं. "चाकावर हा डबा कसला?"

"गार्ड, साहेब."

"बसा," अधिकारी म्हणाले. "पहिल्यापासून सांगा." आणि तासभर लिहून घेत राहिले.

सात महिने गेले. कंपनीला मशीन आपलं म्हणून कबूल करावं लागलं आणि चिंधीला भरपाई मंजूर झाली. विश्वजीत साहेबांची बढतीवर दुसऱ्या प्लांटला बदली झाली. त्यांना कुणी काही विचारलं नाही. हाफिजला मात्र त्या औद्योगिक वसाहतीतल्या एकाही कारखान्याने उभं केलं नाही. तो आता नव्या इमारतींच्या खिडक्यांना ग्रिल बसवतो. उन्हात, तिसऱ्या मजल्यावर लोंबकळून, पंचावन्नाव्या वर्षी.

भरपाईची खबर द्यायला तो वाडीवर गेला. चिंधी झोपडीच्या दारात विळीवर सुके बोंबील कापत बसली होती.

"तुमचा काम गेला ना, हाफिजभाय? बायका बोलत होत्या."

"गेलं. चिंधीबाई, तिसऱ्यांदा तो डबा मी बसवायला हवा होता."

चिंधीने कापलेला तुकडा टोपलीत टाकला. मग म्हणाली, "हां. पायजे होता."

हाफिजने मान खाली घातली. जरा वेळाने त्याने विळीकडे हात केला. "द्या, मी कापतो."

"बसा तुमी. माजा मला येतो."

उरलेल्या बोटांत बोंबील धरून तिने तो पात्याला लावला. तो निसटला. तिने उचलला, झटकला, परत लावला. तुकडे लहानमोठे पडत होते. हाफिज दोन्ही हात मांडीवर ठेवून, टोपली भरेपर्यंत बसून राहिला.