मला ‘नवा कोरा’ म्हणून विकले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना माउस आहे. बिळातला नव्हे, संगणकाचा! माझी पाठ इतरांपेक्षा उंच आहे, त्यामुळे दमलेला हात माझ्यावर आरामात विसावतो. अशी उंच पाठ बनवणे कारखान्याने केव्हाच बंद केले.

एका कचेरीत मी अनेक वर्षे इमानाने राबलो. पुढे नवे माउस आले आणि मी अडगळीत पडलो. तिथून एका व्यापाऱ्याने मला उचलले, घासूनपुसून चकचकीत केले, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले आणि खरेदी-विक्रीच्या एका साइटवर जाहिरात दिली, ‘नवा कोरा! शेवटचा नग!’ किंमत मूळच्या दहापट. फोटोसुद्धा माझा नव्हता, माझ्या एका तरण्याताठ्या भावाचा होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण बोलणार कसा?

मला घेतले एका ताईने. ती संगणकावर कापडाच्या नक्ष्या काढायची. तिचे मनगट एकदा मोडले होते. साधा माउस धरला की कळ थेट खांद्यात जाई. तिचा माझ्यासारखाच माउस बंद पडला आणि हातातले मोठे काम अडले.

“ताई, आधी कॅमेरा लाव, मग कात्री लाव,” तिची धाकटी बहीण म्हणाली. पार्सल फोडताना धाकटीनेच सगळे टिपले. माझे झिजलेले तळवे दिसले. बटण एकदा दाबले की दोनदा वाजते, तेही दिसले.

ताईने फोन लावला. व्यापारी गुरकावला, “माल तुम्हीच बदललात. परत घेणार नाही.”

“पार्सल फोडतानाचा व्हिडिओ आहे,” ताई शांतपणे म्हणाली. “तक्रारीसोबत साइटकडे पाठवलाय.”

व्यापाऱ्याचा आवाज एकदम मवाळ झाला. “अहो, रागावता कशाला? पैसे देतो, माउस परत धाडा.”

“माउस मला हवाय. जुना आहे ना, मग जुन्याचा भाव लावा. आणि तुमच्या प्रत्येक जाहिरातीत खरं काय ते लिहा.”

साइटनेही त्याचे कान पिळले. जादा पैसे परत आले आणि त्या दुकानातल्या माझ्या साऱ्या भावंडांवर (म्हणे मी ‘शेवटचा नग’!) ‘वापरलेला’ अशी स्वच्छ पाटी लागली. धाकटी खुर्चीवर चढून नाचली!

दुरुस्तीवाल्या काकांनी माझे बटण बदलले. त्याच आठवड्यात ताईची नक्षी कापडाच्या कारखान्याने पसंत केली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर घ्या, जपून वापरा. पण घेताना विचारायला लाजू नका. बरं, आता निघतो. ताई आली, नव्या नक्षीची पहिली वेल काढायची आहे!