बेंबीवरचा रुपया

मी एक जुना चांदीचा रुपया आहे आणि साफसफाई करणाऱ्या माणसांवर माझा काडीचाही विश्वास नाही. हसू नका, मित्रांनो. तुम्हाला कोणी राखेने घासलं असतं, तर तुम्हीही असंच बोलला असता.

माझ्या एका अंगावर पोर्तुगालच्या राजाचा चेहरा आहे, म्हणजे होता. पोर्तुगीज गेल्यावर बाजारात मला कोणी विचारेना. गोव्यातल्या इब्रामपूरच्या वत्सलाबाईंनी मात्र मला जपलं. वाडीत मूल जन्मलं की त्याची बेंबी वर येऊ नये, म्हणून त्या मला बाळाच्या पोटावर फडक्याने बांधत. कितीतरी बाळांच्या बेंबीवर मी बसलो. हळद आणि खोबरेल यांचे थर अंगावर चढत गेले. घरोघर कौतुक व्हायचं. पुढे बाळंतपणं इस्पितळात होऊ लागली आणि माझी रवानगी डब्यात झाली.

गेल्या वर्षी त्यांची नात सेजल मुरगावहून तान्हं बाळ घेऊन आली. वत्सलाबाईंनी लगबगीने मला बाहेर काढलं. सेजलने मला पाहिलं आणि बाळाला जवळ ओढलं.

"ह्या नको गे आजी."

वत्सलाबाईंना वाटलं, मी मळका म्हणून नको. पणतवंडाला आपला हात लावायचा, तर आधी हा रुपया लख्ख हवा, असं त्यांनी मनाशी धरलं. लगेच बस पकडून त्या डिचोलीला पुतण्याकडे गेल्या. हा गौरेश खाणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला, जुनी नाणी जमवणारा.

फुकट साफ करून देतो, म्हणाला. फुकट! माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. त्याने मला कडेने धरलं, भिंगाखाली फिरवलं, वजन केलं. वजन कशाला? ह्याच्या खिशात माझ्यासारखा दिसणारा खोटा रुपया असणार, नक्की. मग काचेच्या वाटीत ॲसिटोन ओतून मला त्यात बुडवलं. नेलपॉलिश पुसतात त्या बाटलीचा वास. मी त्याच्या बोटांवरून नजर हलवली नाही. तासाभराने तेलाचा थर सुटला. त्याने मला अजिबात न चोळता कापडावर टिपलं आणि चक्क मलाच परत केलं. यात त्याचा काय डाव होता, ते मला अजून कळलेलं नाही.

"काकी, मळ गेलो. आता काळो दिसता तो चांदीचोच रंग. घासू नको हां!"

"काळोच तर आसा अजून," वत्सलाबाई वाटभर पुटपुटत होत्या. गौरेशने काम अर्धवट केलं, असा त्यांना संशय.

घरी येताच त्यांनी चिंच घेतली, राख घेतली, नारळाचं काथ्याळ सोडण घेतलं. त्या हातांवर मी कधीच संशय घेतला नव्हता. दहा मिनिटांत राजाचं नाक गेलं, कान गेला, वर्षाचा आकडा पुसट झाला. मी लख्ख झालो. खूप दुखलं हो.

"बघ, आता तरी बांधूया," म्हणत त्यांनी मला सेजलपुढे धरलं. सेजल त्यांच्या सोललेल्या बोटांकडे बघत राहिली.

"आजी, तुका घासूक कोणी सांगल्यान? डॉक्टरान सांगलां हा, बेंबीर काय एक ठेवचा नाय. मळको काय नि धुतलेलो काय!"

वत्सलाबाईंचा हात खाली आला. "म्हणजे माझा आता हय काय काम नाय," त्या हळूच म्हणाल्या.

सेजलने मला त्यांच्या मुठीतून काढून खिडकीत ठेवलं. त्यांची बोटं साबणाने धुतली, कोरडी केली आणि तो रिकामा हात बाळाच्या पोटावर नेला.

"रुपयो नको, आजी. हात ठेव."

वत्सलाबाई रडल्या. बाळ मात्र त्या हाताखाली लगेच झोपलं, माझ्याशिवाय.

मित्रांनो, जुन्या नाण्याला राख, चिंच, ब्रश लावू नका. मळ काढायचाच असेल तर जाणत्या माणसाकडे न्या, त्याच्यावर नजर ठेवा आणि त्याचं ऐका. गेलेलं नाक परत येत नाही. आणि घासायला बसण्याआधी घरातल्यांना एकदा विचारा, नक्की काय नको आहे.