माझ्या अंगावरचा हिरवा गोल

मित्रांनो, मी एक जुनी स्लाइड आहे आणि मी रागावलेली आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक वेळा गोड गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

शाळेच्या प्रयोगशाळेत ज्या काचपट्टीवर कांद्याचा पापुद्रा ठेवून तुम्ही सूक्ष्मदर्शकातून बघता, ती माझी चुलत बहीण. तिच्या वाट्याला कांदा आला. माझ्या वाट्याला माणूस आला.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. कडा घासून मला गुळगुळीत केलं आणि बहिणींबरोबर एका डबीत दाटीवाटीनं बसवलं. तिथून मी एका रुग्णालयात आले. तिथे एका सुताराच्या यकृताचा बारीकसा तुकडा सुईनं काढलेला होता. तो मेणाच्या वडीत बसवून त्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप काढले. त्यातला एक कोमट पाण्यावर तरंगत होता, तो मी अलगद उचलून घेतला. मग त्यावर जांभळा आणि गुलाबी रंग चढवून वरून एक नाजूक काच चिकटवली. तेव्हापासून तो सुतार माझ्या अंगाचाच झाला आणि त्याची आठवण माझी झाली. म्हणून सुई टोचण्याआधी तो काय म्हणाला, ते मला माहीत आहे.

"सिस्टर, मी फळी कापायच्या आधी दोन्ही बाजूंनी उलटून बघतो. माझा तुकडा काढताय ना, तर तोही नीट बघा म्हणावं."

"बघतील हो, काका," नर्स म्हणाली. "तेच तर काम आहे त्यांचं."

आणि पहिल्यांदा खरंच नीट बघितलं. थोरले डॉक्टर म्हणून एक गृहस्थ होते. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून ते मला जराजरा सरकवत गेले. एका कोपऱ्यात थांबून म्हणाले, "इथे दडून बसलायस होय?" हे ते रोगाला म्हणाले, मला नव्हे. मग हिरव्या पेनानं त्यांनी माझ्या काचेवर त्या जागेभोवती गोल काढला. पुढे बघणाऱ्याला शोधत बसावं लागू नये म्हणून ते नेहमीच असं करत. खोटं कशाला बोलू, तो गोल अंगावर घेऊन मी पुष्कळ दिवस मिरवले.

पुढे सुतारकाकांना एका नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. त्यांचं जुनं औषध बंद झालं, नव्या गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी पुन्हा तुकडा काढला आणि मला एक सख्खी बहीण मिळाली. मी गोळ्यांच्या आधीची, ती नंतरची. आम्हा दोघींना औषध तयार करणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत पाठवलं. रोग वाढला की घटला, एवढंच आमच्याकडे बघून ठरवायचं होतं.

पण तिथे आता बघायला डोळे नव्हतेच. एक मोठं यंत्र आमचे फोटो काढी, आणि संगणकातला एक प्रोग्रॅम त्या फोटोचे हजारो चिमुकले तुकडे करून रोगी कोण, निरोगी कोण ते सांगे. सगळे त्याला 'मास्तर' म्हणत. त्याला शिकवण्याचं काम एका संशोधक बाईंकडे होतं. सगळ्यांच्या त्या ताई. शिकलेल्या, कष्टाळू, डबा खातानाही पडद्याकडे बघणाऱ्या. मात्र अख्खी काच हातात घेऊन त्यांनी कधी बघितली नव्हती.

मित्रांनो, यंत्रात घालण्याआधी आमच्यावरची शाई स्पिरिटनं पुसायची असते. हा साधा नियम आहे. पण तिथल्या मोठ्या साहेबांना घाई होती. "काचा पुसत बसलो तर वर्ष जाईल," ते म्हणाले, आणि पुसणं राहिलं. मास्तरला रोगाच्या म्हणून ज्या काचा दाखवल्या, त्या सगळ्या थोरल्या डॉक्टरांच्या हिरव्या गोलाच्या. निरोगी काचांवर गोल नव्हता, कारण गोल करण्यासारखं तिथे काही नव्हतंच. मास्तर काय शिकला असेल, तुम्हीच सांगा.

मी हिरवी, म्हणून मी रोगी. बहिणीवर मात्र गोल नव्हता. थोरले डॉक्टर तोवर निवृत्त झाले होते आणि नंतरच्या काचा थेट यंत्रात जात होत्या. तिच्या पोटात रोग माझ्याहून दुप्पट पसरला होता. मास्तरनं तिला ठणठणीत ठरवलं. सगळ्याच रोग्यांचं असं झालं. औषध जादूसारखं लागू पडल्याचा निकाल आला. टाळ्या वाजल्या, केक कापला, साहेबांनी ताईंची पाठ थोपटली. मी खोक्यात पडून होते आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती. काचेला तोंड असतं तर मी त्या केकवरच ओरडले असते.

वर साहेब म्हणाले, "आता फोटो आहेत ना? मग हा काचांचा पसारा कशाला? टाकून द्या." आमचं खोकं दाराशी जाऊन बसलं.

तेवढ्यात रुग्णालयातल्या त्याच नर्सचा फोन आला. ताईंनी तो स्पीकरवर घेतला म्हणून मला ऐकू आलं.

"ताई, तुमचा निकाल म्हणतो सुतारकाका बरे होतायत. मग त्यांना जिना का चढवत नाही? मध्येच बसतात हो पायरीवर. मुलगी हाताला धरून उठवते."

"निकाल बरोबर आहे, सिस्टर. मी स्वतः तपासलाय."

"तुम्ही काय तपासलंत मला माहीत नाही. मी माणूस बघतेय."

फोन ठेवून ताईंनी पडद्यावरचा निकाल पुन्हा एकदा वाचला. मग उठल्या, दाराशी येऊन खोकं उघडलं आणि आम्हा दोघी बहिणींना काढून खिडकीच्या उजेडात धरलं. उलटून बघितलं, पुन्हा सुलटून बघितलं. एकीवर हिरवा गोल, दुसरी कोरी. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

त्यांनी माझा गोल स्पिरिटनं पुसला आणि मला पुन्हा यंत्रात घातलं. मास्तर म्हणाला, निरोगी. मग त्यांनी डबीतली एक कोरी काच घेतली, जिच्यावर माणसाचा कणही नव्हता, आणि तिच्यावर हिरव्या पेनानं गोल काढला. मास्तर म्हणाला, रोगी.

साहेबांना बोलावलं. ते कोरी काच बोटांत फिरवत राहिले.

"उद्या मोठ्या बैठकीत निकाल मांडायचाय," ते म्हणाले. "तो तर होऊ दे. शाईचं आपण नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी? तोवर ते काका याच गोळ्या खाणार?" ताईंचा आवाज चढला. "साहेब, आपण शाई बरी केलीय. मी आत्ता रुग्णालयाला कळवतेय. तुम्हाला मला काढायचं असेल तर उद्या काढा."

आणि त्यांनी साहेबांसमोरच फोन लावला.

थोरल्या डॉक्टरांना घरून बोलावून आणलं. माझ्या बहिणीकडे बघताना या वेळी ते रोगाशी काही बोलले नाहीत. पेनाचं टोपणही त्यांनी उघडलं नाही, कारण रोग सगळीकडेच होता, गोल कुठे काढायचा हा प्रश्नच उरला नव्हता. नव्या गोळ्या त्याच दिवशी थांबल्या आणि जुनं औषध पुन्हा सुरू झालं.

सुतारकाका अजून आहेत. नर्स सांगते, ते आता जिन्याकडे जातच नाहीत, त्यांची खाट खालच्या खोलीत आणली आहे. ते महिने जुन्या औषधावर गेले असते तर काय झालं असतं, हे ताईंनी एकदा थोरल्या डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी आम्हा दोघींना उचलून शेजारी शेजारी ठेवलं.

आता मी ताईंच्या टेबलावर असते, बहिणीला चिकटून. माझा गोल गेला, त्याचं मला काही वाटत नाही. कुठलीही काच यंत्रात घालण्याआधी ताई ती पुसतात, खिडकीशी नेतात आणि दोन्ही बाजूंनी उलटून बघतात. माझा राग जाईल असं मला वाटलं होतं, तरी तो गेलेला नाही.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी मोठेपणी असंच काम करील. तुमची यंत्रं याहून हुशार असतील. खुशाल वापरा. पण माझ्यासारखी काच हातात आली तर तिला आधी उजेडात धरा. तिच्यात एक माणूस असतो, आणि त्यानं सुई टोचण्याआधी एवढंच मागितलेलं असतं की, नीट बघा.