स्वतःच्या शब्दांत

चकलांब्याच्या अलीकडं पाण्याच्या टाकीजवळ जी थोड्या घरांची वस्ती आहे, तिथल्या मनकर्णाला पाठांतर कसं करायचं हे कुणी शिकवायची गरज नव्हती. तिचा बाप हरिबा जन्मभर कीर्तनात टाळकरी म्हणून उभा राहिला. अक्षराशी वैर, पण अभंग म्हणाल तर कणगीभर. लेकीला मांडीवर घेऊन ते सगळे त्यानं तिच्या कानात ओतले आणि ताकीद दिली ती एकच. "बाई, अर्थ सांगायचा तो बुवानं. आपण मागं उभी राहणारी माणसं. बुवानं ओळ सोडली की जशीच्या तशी झेलायची आन् तशीच परत द्यायची. संतांच्या बोलात आपला शब्द घातला तर पाप लागतंय."

मनकर्णानं ही गाठ पदराला बांधली ती बांधलीच. लग्न झालं, लेक झाली, हातात ऊसतोडीचा कोयता आला, पण कीर्तनात बायकांच्या बाजूला बसून ती ओळ झेलायची तेव्हा काना-मात्रा इकडची तिकडे होत नसे.

अशी ही बाई पस्तिशी ओलांडल्यावर ऑनलाइन कॉलेजात गेली. गेली म्हणजे कुठं गेली नाहीच. टाकीच्या कट्ट्यावर फोनला रेंज यायची, तिथं जाऊन बसली.

कारण होती लेक. उज्ज्वला. गेल्या हंगामात पोरीला बरोबर नेलं होतं. फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत दुसऱ्यांची तान्ही लेकरं सांभाळता सांभाळता तिची चौथी बुडाली. त्या वेळीच मनकर्णानं ठरवलं, पुन्हा हिला उसात न्यायची नाही. गावात एका संस्थेचं हंगामी वसतिगृह होतं, तोडीला गेलेल्या लोकांची पोरं दिवाळीपासून तिथं राहायची. तिथली अधीक्षिका लग्न होऊन गेली आणि जागा मोकळी झाली. संस्थेच्या सत्यशीलाबाई जुन्या घरंदाज बाई, बोलायला गोड. त्या म्हणाल्या, "मनकर्णा, पोरांवर माया करणारी बाई मला पाहिजे. पण तुझ्या बारावीवर भागत नाही गं आता. पदवीला नाव घाल, पहिलं सत्र पास हो, तो कागद मला आणून दे. जागा तुझी."

म्हणजे पास झाली तर मायलेकी एका छपराखाली. नापास झाली तर लेक वसतिगृहात आणि आई कारखान्याकडं. रामेश्वर, तिचा नवरा, त्यानं मुकादमाला दिवाळीपर्यंत थोपवून धरलं होतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको नसली की गडी अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम दारात उभा करत नाही. तरी रामेश्वर म्हणाला होता, "तू शीक. मी बघतो माझं. कुठं गुरामागं जाईन."

पहिल्या सत्राला विषय होता 'संगणक आणि अभ्यास कौशल्ये'. पहिलाच धडा उघडला, त्यात लिहिलेलं, 'अभ्यासासाठी घरातील शांत व स्वतंत्र खोली निवडावी.' मनकर्णा एकटीच कट्ट्यावर हसत सुटली. पाण्याला आलेली छबुबाई, शेजारीण, घागर टेकवून बघायला लागली.

"का गं, फोनमधी कोण गुदगुल्या करायलंय?"

"खोली निवडा म्हणतंय कॉलेज."

"मग निवड की! हा कट्टा तुझा, ती बाभळ माझी."

पण चेष्टा चेष्टेच्या जागी. भाकरी थापताना, भांडी घासताना ती धडे म्हणायची. फोल्डर, फाइल, पासवर्ड, बॅकअप. टिपणं कशी काढावीत, वेळेचं नियोजन कसं करावं. महिनाभरात अख्खं पुस्तक तोंडात. अभंगासारखं, चालीवर. रामेश्वरला झोपेत ऐकू आलं तरी तो म्हणायचा, "आता बॅकअपचं कडवं आलं का?"

दसऱ्याच्या आधी प्रश्न आले. घरी बसून लिहायचे आणि फोनवरून पाठवायचे. मनकर्णानं एका बोटानं एकेक अक्षर हुडकत उत्तरं लिहिली. पुस्तक उघडलं सुद्धा नाही. शेवटचा प्रश्न होता, 'वाचलेले स्वतःच्या शब्दांत मांडणे का महत्त्वाचे आहे?' त्याचंही उत्तर पुस्तकात होतं, तेही तिनं डोळे मिटून आठवलं आणि जसंच्या तसं उतरवलं. स्वल्पविरामासकट.

चार दिवसांनी उत्तर आलं. सगळ्या उत्तरांवर एकच शब्द. नक्कल.

तिला आधी वाटलं चुकून दुसऱ्याचं आलं. मग कॉलेजच्या परमेश्वर सरांचा व्हिडिओ कॉल आला. तरणा मुलगा, चष्मा, मागं पांढरी भिंत.

"मनकर्णाताई, तुम्ही पुस्तकातून बघून लिहिलंय."

"न्हाई हो सर. देवाची शपथ. मी पाठ केलंय."

"सगळं?"

"सगळं. म्हणून दाखवू का?"

सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसला. "ताई, पाठ आहे हे मला पटलं. पण पाठ आहे म्हणूनच तर ती नक्कल आहे. कळतंय का? मशीन शब्दाला शब्द जुळवतं. तुमचे स्वतःचे शब्द पाहिजेत."

नक्कल मनकर्णाला ठाऊक होती. शाळेच्या खिडकीतून चिठ्ठ्या टाकतात ती. तिनं तर डोळे मिटून, मान राखून लिहिलं होतं. बुवाची ओळ बुवाला परत दिली होती. ह्यात चोरी कुठं शिरली?

"एक संधी आहे," सर म्हणाले. "पुन्हा लिहून पाठवा. रविवारपर्यंत."

ती लिहायला बसली. 'संगणक म्हणजे' असं लिहिलं की पुढचं वाक्य आपोआप बोटात उतरायचं, तेच पुस्तकातलं. पुसायची. पुन्हा लिहायची. पुन्हा तेच. मुखात बसलेलं बाहेर कसं काढायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रामेश्वर बकरीला पाला घालून आला तर ही कट्ट्यावर डोळ्याला पदर लावून बसलेली.

"काहून रडायलीस?"

"माझे शब्दच न्हाईत म्हणत्यात हो."

"कोण म्हणतंय? माझ्याशी भांडताना तर लई असत्यात की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तात्याबा महाराजांकडं गेली. महाराज म्हणजे हरिबाच्या काळचे कीर्तनकार, आता थकलेले, ओसरीवर ऊन खात बसायचे. तिनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते दाढी खाजवत होते.

"हरिबानं तुला टाळकरी केलं, पोरी. टाळकऱ्यानं तेच करायचं असतं, त्यात त्याचं चुकलं न्हाई. पण आता कॉलेजानं तुला पुढं बोलावलंय. मी अभंग म्हणून झाल्यावर काय करतो?"

"निरूपण."

"अन् निरूपण लोकांच्या गळी उतरत न्हाई तवा?"

"दृष्टांत देता."

"मग दे की. तुझ्या घरातला दे. पाप लागलं तर मी घेतो अंगावर, माझं आता राहिलंय किती."

मनकर्णा पाया पडली आणि थेट कट्ट्यावर आली. त्या दिवशी तिची बोटं अशी चालली की छबुबाईनं दोन हाका मारल्या त्या तिला ऐकू गेल्या नाहीत. तिनं लिहिलं, फोल्डर म्हणजे उतरंड. खालच्या मडक्यात काय हाय ते वरची मडकी उतरवल्याबिगर कळत नाही, म्हणून प्रत्येकावर नाव पाहिजे. तिनं लिहिलं, पासवर्ड म्हणजे तोडीला जाताना घराला लावलेलं कुलूप; किल्ली शेजारणीला दिली तर ती शेजारीण कशी हाय ते आधी बघावं. बॅकअप म्हणजे बियाणं. सगळं एका कणगीत ठेवू नये, थोडं माहेरी ठेवावं, घुशी लागल्या तर तिकडून आणता येतंय. वाचून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली आणि बरंही वाटलं. वरून कुणी ओळ सोडली नव्हती. पहिल्यांदाच तिनं एकटीनं म्हटली होती.

तिनं ते पाठवलं. घरी येऊन शिरा केला. रामेश्वर म्हणाला, "आज काय सण?" ती म्हणाली, "खा की गप."

दिवाळीच्या तोंडावर निकाल आला. नक्कल नाही, असं वर लिहिलेलं. खाली लिहिलेलं, 'अपेक्षित मुद्दे आढळले नाहीत. भाषा प्रमाण नाही. अनुत्तीर्ण.' पुढची परीक्षा उन्हाळ्यात.

तिनं सरांना फोन लावला. सरांनी लगेच उचलला, जणू फोन हातातच होता.

"ताई, मी वाचलं. मला कळलं हो सगळं. मी घरी बायकोलाही वाचून दाखवलं. पण तपासणारे वेगळे असतात, मी नाही. ते ठराविक मुद्दे शोधतात."

"मुद्दे तर मला पाठ होते, सर."

"हो ना."

तेवढ्यात रेंज गेली.

सत्यशीलाबाईंनी तिला खुर्ची दिली, चहा दिला. "मला वरती कागद दाखवावा लागतो गं. माझ्या हातात असतं तर तुला रिकामी पाठवली नसती. बबिताला घेतलंय, पाटोद्याकडची सून आहे, पदवी झालेली. पुढच्या वर्षी बघू." बाई खोटं बोलत नव्हत्या. म्हणून मनकर्णाला त्यांच्यावर रागही काढता येईना.

रामेश्वरनं मुकादमाला निरोप धाडला. तिच्या कोयत्याची मूठ सैल झाली होती, ती त्यानं पाचर मारून घट्ट करून ठेवली.

तोडीचा ट्रक निघायच्या दिवशी सकाळी मनकर्णा उज्ज्वलाला घेऊन वसतिगृहात गेली. पत्र्याची पेटी, दोन फ्रॉक, एक गोधडी. बबिता दारातच होती. कोवळी पोर, गळ्यातलं मंगळसूत्र अजून नवं, आणि चेहरा असा भेदरलेला, जणू आज तिलाच कुणी आणून सोडलंय. आतून पोरांचा कालवा ऐकू येत होता. कुणीतरी कुणाला मारलं होतं, आणि बबिताला आधी कुठं धावावं ते कळत नव्हतं.

"तू जा आत," मनकर्णा म्हणाली, "मी हाय हितं."

बबिता जाऊन आली. घाम पुसत म्हणाली, "मावशी, तुमच्या मुलीचं काही सांगायचंय का? औषध, पथ्य?"

मनकर्णानं उज्ज्वलाकडं बघितलं. पोर भिंतीला टेकून, पेटीच्या कडीशी खेळत उभी होती. रडत नव्हती. गेल्या वर्षी कोपीत रडायची, ह्या वर्षी नाही.

"पथ्य काय न्हाई. वांगं खात न्हाई, पण भूक लागली की खाती. निजताना तोंडावरून पांघरूण घेती, तेवढं हळूच खाली ओढत जा. हाक मारू नको, दचकती."

"बरं."

"हळूच ओढायचं."

"हो मावशी."

बाहेर ट्रकनं भोंगा दिला. उज्ज्वलानं कडी सोडली आणि विचारलं, "आई, तिकडं रेंज असती का?"

"असती कवा कवा," मनकर्णा म्हणाली. तिनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला, बबिताच्या पाठीवरूनही फिरवला, आणि पदर खोचून ट्रककडं चालायला लागली.