अण्णांची पाळी

विहीर दोघा भावांची. एक दिवस गुरुलिंगअण्णांचा, एक दिवस धाकट्या शिवप्पाचा. ही पाळी वाटणीतच ठरलेली. अण्णांच्या उसाला कालव्याचंही पाणी. शिवप्पाचं रान चढावर, तिथं कालवा पोचत नाही. मग कालवा वाहतोय तोवर विहीर द्यावी की भावाला! पण छे! पाळी सोडली की हक्क गेला, हे अण्णांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आपल्या दिवशी ते विहीर तळापर्यंत उपसायचे. दुसऱ्या दिवशी शिवप्पाच्या वाट्याला अर्ध्या तासाचं पाणी. चार वर्षं दोघांत बोलणंही बंद.

अण्णांच्या बायकोचा, नीलाबाईचा जीव तुटायचा. ती या घरात नांदायला आली तेव्हा शिवप्पा सहा वर्षांचं बिनआईचं पोर होतं. तिच्याच ताटात जेवून मोठा झालेला दीर तो. आता त्याच्या भुईमुगाला आऱ्या सुटलेल्या, शेंगा धरायची वेळ, अन् वेलांनी माना टाकलेल्या. मुखेडच्या बाजारात जाऊबाई लक्ष्मम्मा म्हणाली, "वैनी, या आठवड्यात पाणी न्हाई भेटलं तर शेंगा पोचट."

त्या रात्री नीलाबाईचं तोंड सुटलं. "उसात चिखल करून राहिलाव! कालवा हाय तवर कालव्याचं घ्या, विहिरीला दम खाऊ द्या. कालवा बंद झाल्यावर तीच कामाला येणार हाय न्हवं?"

"पाळी माझी हाय," अण्णा म्हणाले अन् कूस बदलून झोपले. नीलाबाई मात्र रडली.

दुसऱ्या दिवशी अण्णांचीच पाळी. दुपारी ती भाकरी घेऊन रानात गेली. मोटार चालूच! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण उसाच्या सऱ्यांत विहिरीचं पाणी नव्हतं. पाइप चढावर गेलेला. अन् वर, शिवप्पाच्या भुईमुगात, अण्णा स्वतः खोऱ्यानं पाणी वळवत, दारं धरून उभे, गुडघाभर चिखलात.

"अहो, हे काय?"

"पाळी माझीच हाय," अण्णा तिच्याकडं न बघता गुरगुरले. "माझ्या पाळीचं पाणी म्या कुठंबी नेईन. कालवा बंद होईस्तोवर हिकडंच येणार."

बांधावर शिवप्पा कधीचा उभा होता कोण जाणे. त्याचे डोळे भरलेले. तो खाली उतरला, अण्णांच्या हातातलं खोरं त्यानं हळूच काढून घेतलं.

"सरा अण्णा. जेवून घ्या तुम्ही."

अण्णा बांधावर येऊन बसले. नीलाबाईनं फडकं सोडलं. भाकरी दोनच होत्या. तिनं त्यांचे तीन वाटे केले.