धर्मशाळेच्या बारा वह्या

कागद जाळण्यात माणिकरावांचा हात धरणारा अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात कोणी नव्हता. ही टिंगल नव्हे. ते तालुक्याच्या कचेरीत दप्तर सांभाळत. जुन्यातलं कामाचं ठेवायचं, बिनकामाचं यादी करून जाळायचं, हीच त्यांची नोकरी. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात त्यांनी दोन खोल्या मोकळ्या करून दाखवल्या. साहेबांनी पाठ थोपटली आणि माणिकरावांना आभाळ ठेंगणं झालं.

पोळा झाल्यावर एका सोमवारी धाड गावाहून एक बाई आली. जनकाबाई नाव, वय पंचेचाळीसच्या घरात.

"भाऊ, धर्मशायेची वही तुमच्यापाशी हाये म्हन्तात."

धाडची धर्मशाळा दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना पाडली होती. चांगली दगडी, कमानींची, शंभर वर्षांची. गाव हळहळलं खरं, पण हळहळता हळहळता तिचे दगड घरोघरी पायरीला नेले. वह्या तेवढ्या कचेरीत आल्या.

"कशाला पाहिजे?" माणिकरावांनी विचारलं.

जनकाबाई उंबऱ्याजवळच बसली. "मानमोडीच्या साली, तापाची मोठी साथ आली तवा, माहे मायबाप देऊळगावले बालाजीच्या यात्रेले निंगाले होते. मी तान्ही. धर्मशायेत मुक्काम केला अन् तापानं दोघंही तिथंच गेले. रखवालदाराच्या बायकोनं, कौशल्याबाईनं, मले वाढोलं. मी तिलेच माय समजत होती. औंदा जेठात तिनं डोये मिटले, अन् मिटता मिटता हे सांगतलं. त्यायचं नाव तिले आठोत नव्हतं. पन उतरनाऱ्याचं नाव-गाव वहीत लिवत, म्हने. मले निसतं तेवढं वाचून दाखवा."

माणिकराव उठले. आत गेले. रिकाम्या फळ्यांपुढे उभे राहिले. 'सापडत नाही, पुढच्या महिन्यात या,' हे कचेरीचं उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होतं. त्यावर त्यांनी कैक माणसं वाटेला लावली होती. पण ही बाई पुढच्या महिन्यात खरंच आली असती. आणि त्याच्या पुढच्याही.

ते बाहेर आले आणि खुर्ची सोडून तिच्यासमोर खाली बसले.

"बाई, वह्या नाही राहिल्या. बारा होत्या. चैतात जाळल्या. मीच जाळल्या."

जनकाबाई रडली नाही, ओरडली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं माणिकरावांना वाटलं. तिने पदराने तोंड पुसलं.

"काऊन जाळल्या?"

"धर्मशाळाच राहिली नाही. कोणी मागायला येईल असं वाटलं नाही."

"हाव, तेही खरं," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. दारापर्यंत गेली, थांबली.

"जाळाच्या आधी वाचल्या होत्या काय तुमी?"

माणिकरावांनी नुसती मान हलवली. नाही.

"एक डाव वाचाच्या होत्या, भाऊ. कोनाच्या तरी ध्यानात राह्यली असती माही माय."