टाकून दिलेले बिंदू

सात रात्रींची सहाशे बहात्तर मोजमापे होती. त्यांतली एकशे बारा मी वगळली होती. कारणाच्या रकान्यात माझेच शब्द होते : ‘ढग. निरीक्षकाचे दुर्लक्ष.’

निरीक्षक म्हणजे काका. एकोणतीस वर्षे त्यांनी आमच्या वेधशाळेची दुर्बीण चालवली. दर अर्ध्या तासाने ते घुमटाबाहेर जाऊन आकाश बघायचे आणि वहीत नोंद करायचे. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला एक लघुग्रह रोज तास-दीड तास मंद होत होता, आणि नेमक्या त्या वेळी वहीत ‘निरभ्र’ लिहिलेले होते. डुलकी लागली असणार, असे मी ठरवले. अहवालातही तसेच लिहिले. महिन्याभरात काकांना सामानाच्या कोठीत बसवले.

त्याला दोन वर्षे झाली. काल दुसऱ्या एका वेधशाळेने जाहीर केले, की तो लघुग्रह एकटा नाही, जोडी आहे. धाकटा थोरल्याच्या पुढून किंवा मागून गेला, की दोघांचा मिळून उजेड घटतो.

ढग आला असता तर शेजारचे तारेही मंदावले असते. ते तारे त्याच छायाचित्रांत होते. मी ते आज सकाळी पहिल्यांदा तपासले. एकाचाही उजेड कमी झाला नव्हता.

मी कोठीत गेले तेव्हा काका बल्ब मोजत होते.

“या मॅडम. पंखा बिघडला की खुर्ची मोडली?”

पूर्वी ते मला पोरी म्हणायचे.

“काका, ते ढग नव्हते.”

“मी तेव्हाच म्हटलं होतं. ढग काय वेळापत्रक बघून येतात होय?” त्यांनी खणातून माझा अहवाल काढला. घड्यांवर फाटलेला. मी दिलेल्या ‘ढगांच्या’ वेळांखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या. “पहिल्या रात्री नऊ. तिसऱ्या रात्री दहा. पाचव्या अकरा, सातव्या बारा. मधल्या रात्रींना पहाटे अडीचच्या सुमारास, मग साडेतीन, मग साडेचार. दिवसाआड बरोब्बर एक तास उशीर. एवढा शिस्तीचा ढग मी तरी नाही पाहिला.”

“मी संचालकांना पत्र लिहिलंय. आजच देते.”

त्यांनी हात पुढे केला. चष्मा वर सरकवून वाचले आणि एका शब्दावर बोट ठेवले. नजरचूक.

मी तो खोडला. वर लिहिले : ‘मी तपासले नाही.’

“तुम्हाला परत घुमटात घेतील, काका.”

“अकरा दिवस राहिलेत निवृत्तीला. आता त्या पायऱ्या गुडघे चढू देत नाहीत.” ते पुन्हा बल्बांकडे वळले, पण मोजेनात. “घरी बायको विचारायची, खरंच झोपला होतात का हो? नाही म्हणायचो. मग पुढे पुढे माझं मलाच वाटायला लागलं, लागला असेल डोळा.”

मला वर बघता येईना.

“तेवढं मांडून द्या,” ते म्हणाले. “फेरीला किती वेळ लागतो, दुसरा किती मोठा. तिला दाखवतो.”

त्यांनी कोठीची कोरी पावती पुढे सरकवली. मी उभ्यानेच मांडले. एका फेरीत उजेड दोनदा घटतो, एकदा धाकटा पुढून जाताना, एकदा मागून. पहिल्या आणि तिसऱ्या रात्रीत एकोणपन्नास तास; मधल्या रात्रीची वेळ धरली तर त्यात अडीच फेऱ्या बसतात. उजेडातली घट आठ टक्के; व्यासासाठी तिचे वर्गमूळ.

एक फेरी : १९.६ तास. धाकट्याचा व्यास : थोरल्याच्या ०.२८ पट.